दुतोंड्या मारुतीच्या गावात हेरपट : दोन निष्ठांत अडकलेल्या माणसाचा सिनेमा कमी पैशांत कसा करायचा

हेरपट लिहायला बसणारा प्रत्येक जण आधी पाठलाग लिहितो. मीही लिहिला. नाशिकच्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकापासून, रविवार कारंजापर्यंत, मध्ये सराफ बाजारातली गल्ली, चार पिस्तुलं आणि एक उलटणारी हातगाडी. नायकाच्या बायकोला अख्ख्या पटकथेत एकच वाक्य होतं, "जेवून जा." खर्चाचा अंदाज काढला तेव्हा पाठलागाची अकरा पानं आधी गेली, आणि उरलं ते वाचताना लक्षात आलं की सिनेमा त्या "जेवून जा"मध्येच होता.

पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय : ११ जणांचं युनिट, १६ दिवसांचं शूट, ७० मिनिटांचा सिनेमा, सगळं चित्रीकरण नाशिक आणि आसपास. तुमच्याकडे पैसे जास्त असतील तर उत्तम, पण पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

पायरी १ : आधी मीठ ठरवा

मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात हेर म्हटलं की बहिर्जी नाईक उभे राहतात. वेषांतर, नकला, शत्रूच्या गोटात शिरणं. पण तो एकाच धन्याशी इमान राखणारा हेर. त्याची गोष्ट साहसाची होते, निष्ठा फाटण्याची होत नाही. आपल्याला दुसरा माणूस हवा आहे. त्याला कौटिल्याने नेमका शब्द देऊन ठेवलाय : उभयवेतन. दोन्हीकडून पगार घेणारा. अर्थशास्त्रात अशा हेराची बायकामुलं ताब्यात ठेवून मगच त्याला कामाला लावायला सांगितलंय. म्हणजे पगार दोन, पण दोरी घरात बांधलेली. मला विचाराल तर हेरपटाचा सगळा कारखाना याच एका सूचनेवर चालतो.

निष्ठेसाठी आपल्याकडे मिठाची भाषा आहे. खाल्ल्या मिठाला जागणं. म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर दोन वाक्यं लिहा : नायकाने याचं मीठ काय खाल्लं, आणि त्याचं काय खाल्लं. आमची अशी होती. विलास, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स क्लार्क. कारखाना काल्पनिक, संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणारा. एक मीठ नानांचं : सख्खे मामा, बाप गेल्यावर आठव्या वर्षापासून वाड्यात वाढवलं, डिप्लोमाची फी भरली, लग्न लावून दिलं. आता नाना त्याच्याकडून ड्रॉइंगच्या प्रती मागतात. दुसरं मीठ मॅडमचं : गुप्तचर खात्यातल्या अधिकारी, ज्यांनी विलासच्या धाकट्या भावाला एका खोट्या केसमधून सोडवलं. आता त्या विलासला सांगतात की नानांना प्रती देत राहा, फक्त आम्ही देऊ त्या.

कसोटी सोपी आहे. दोन्ही उपकार खरे हवेत. नाना पहिल्यापासून लबाड असतील, किंवा मॅडमने भावाला मुद्दाम अडकवलं असेल, तर विलासला निवड करायला काही उरत नाही. प्रेक्षक त्याच्यासाठी दहाव्या मिनिटालाच निवड करून मोकळा होतो आणि उरलेला तास विलास ती कधी करतो याची वाट बघतो. पहिल्या मसुद्यात आमच्या मॅडम भावाला मुद्दाम अडकवत होत्या. फार चलाख वाटलं होतं. ती क्लृप्ती काढून टाकायला मला तीन महिने लागले.

माणूस फितूर का होतो याची चार कारणं हेरगिरीवरच्या लिखाणात नेहमी येतात : पैसा, विचार, धाक आणि अहंकार. नवखा लेखक पैसा किंवा धाक उचलतो, कारण ते दाखवायला सोपे. अहंकार उचला. नाना पैशासाठी हे करत नाहीत. तीस वर्षं सचोटीने नोकरी करून शेवटच्या बढतीत त्यांना डावललं, आणि ज्याला बढती मिळाली त्याचं निरोपाचं भाषण नानांनाच लिहून द्यावं लागलं. हे आम्ही सिनेमात एकदाच सांगितलं, तेही मामीच्या तोंडून, मेथी निवडताना.

गावातलंच एक उदाहरण. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला पंडित म्हणायचे, आणि बाबाराव सावरकरांवरच्या खटल्यामागचा कलेक्टरही तोच. त्या रात्री प्रेक्षागृहात असे किती नाशिककर बसले असतील ज्यांना या माणसाबद्दल आदरही होता आणि रागही? पटकथेला गोळी झाडणाऱ्याइतकाच त्याच्या मागच्या रांगेतला तो माणूस उपयोगाचा असतो.

पायरी २ : कोणाला काय ठाऊक, याचा तक्ता

ही पायरी गाळली तर पुढचं काहीच जमणार नाही, म्हणून इथे थांबतो.

हेरपटात घटना कमी असतात, माहिती जास्त. माहिती कोणाकडे आहे, कधीपासून आहे आणि आपल्याकडे ती आहे हे दुसऱ्याला ठाऊक आहे का, यावर प्रत्येक प्रसंगाचा ताण उभा राहतो. हे डोक्यात ठेवता येत नाही. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, भिंतीला लावा. वरून खाली प्रसंगांचे क्रमांक. आडवे रकाने : विलास, नाना, मॅडम, सुजाता म्हणजे बायको, आणि शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक चौकटीत त्या प्रसंगाच्या शेवटी त्या माणसाला काय खरं वाटतंय ते चार-पाच शब्दांत लिहा. खरं काय आहे ते नको, त्याला काय *वाटतंय* ते. चुकीची समजूत लाल पेन्सिलीने.

तक्ता भरला की तीन गोष्टी आपोआप दिसतात. पहिली, प्रेक्षकाच्या रकान्यात सलग दोन प्रसंग काहीच बदललं नसेल तर त्यातला एक प्रसंग जादा आहे. आमचे ६१ प्रसंग होते, तक्त्यानंतर ४७ राहिले. दुसरी, लाल रंग एका रकान्यात फार वेळ राहिला तर ते पात्र मूर्ख वाटायला लागतं. मॅडम १९ प्रसंग फसलेल्या होत्या. इतकी बावळट अधिकारी कोण मानेल? त्यांना नवव्या प्रसंगात संशय आणून दिला आणि सिनेमाला पाठीचा कणा आला. तिसरी गोष्ट मजेची. सुजाताच्या रकान्यात आम्ही सुरुवातीला सगळीकडे 'काही नाही' लिहिलं होतं. एकाच घरात राहणारी बायको, नवऱ्याचा डबा रोज भरणारी, तिला काहीच कळत नाही? डबा किती रिकामा परत आला यावरून तिला दिवसाचा हिशेब लागतो. तिला काय कळलंय हे ठरवायला बसलो आणि सिनेमाचा शेवट मिळाला.

प्रेक्षकाला नायकाच्या पुढे ठेवायचं की मागे, हेही इथेच ठरवा. दोन्ही चालतं, पण प्रत्येक प्रसंगापुरतं पक्कं हवं. नानांनी विलासची बॅग उघडून पाहिली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्यानंतर दोघं शांतपणे चहा पितात तो साधा प्रसंगही बशीच्या आवाजाने दचकवतो. नाही दाखवलं तर नंतर एक धक्का मिळतो, तो चार सेकंद टिकतो. मी चहाच्या बाजूचा आहे.

तक्ता असूनही चूक होते. तेविसाव्या प्रसंगात नाना म्हणतात, "सातपूरच्या पोस्टातून टाकलंस ना?" विलास सातपूरला गेला हे नानांना कळायचा मार्गच नव्हता. लेखनात सुटलं, तालमीत सुटलं, शूटला सुटलं. एडिटच्या टेबलावर, रात्री दोनला सापडलं. नशिबाने त्या वाक्याला नाना पाठमोरे होते. पाठमोऱ्या शॉटवर डब करून ते "पोस्टातून टाकलंस ना?" एवढंच केलं. तेव्हापासून मी प्रत्येक महत्त्वाच्या संवादाचा एक पाठमोरा किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा शॉट घेऊन ठेवतोच. तुम्हीही घ्या, वीस मिनिटं जातात.

पायरी ३ : तू आणि तुम्ही

इंग्रजी हेरपट पाहून लिहिलेले मराठी संवाद लगेच ओळखू येतात. सगळे एकमेकांशी तुटक, थंड आणि समान पातळीवर बोलतात. आपल्याकडे दोन माणसांतलं अंतर क्रियापदात असतं, आणि अंतर बदललं की क्रियापद बदलतं. हे फुकटचं हत्यार आहे. कोणत्याही पिस्तुलापेक्षा जास्त लागतं.

पटकथा पूर्ण झाली की पात्रांच्या प्रत्येक जोडीसाठी लिहून काढा : कोण कोणाला अरे म्हणतो, कोण अहो, नावापुढे काय लावतो, आणि हे कुठे मोडतं. नाना विलासला तू. विलास नानांना तुम्ही. मॅडम विलासला तुम्ही, विलास त्यांना मॅडम. सुजाता विलासला लोकांसमोर अहो, खोलीत तू. मोडण्याची जागा सिनेमात दोन-तीनदाच ठेवा, नाहीतर किंमत जाते. आमचा चौतिसावा प्रसंग असा आहे :

माजघर. रात्र. नाना झोपाळ्यावर. विलास उंबऱ्याशी बसून बुटाच्या नाड्या सोडतोय.

नाना : जेवलास?
विलास : हो. म्हणजे, नाही. तुम्ही?
नाना : मामी थांबली होती तुझी. मग निजली.
विलास : उशीर झाला. स्टॉक मोजणं चाललंय.
नाना : बुधवारी?
विलास : ऑडिट आलंय अचानक.
(झोपाळ्याची कडी दोनदा वाजते.)
नाना : बरं. वाढून घ्या.

आठव्या वर्षापासून "तू" म्हणणारा मामा "घ्या" म्हणतो. नानांना सगळं कळलं, विलासला कळलं की नानांना कळलं, आणि कोणी काही बोललेलं नाही. तालमीत नानांचं काम करणाऱ्या नटाने "घ्या"वर जोर दिला. ते नको होतं. त्यांना सांगितलं, तुम्ही जावयाशी बोलता तसं बोला, सहज. मग अंगावर आलं.

सबटायटलमध्ये हे मरतं, हे आधीच गृहीत धरा. इंग्रजी ओळ करताना आम्ही तिथे नानांच्या तोंडी विलासचं आडनाव घातलं. मूळ संवादात ते नाही, पण परभाषक प्रेक्षकाला थंडावा पोचला.

पायरी ४ : हेरगिरीची रीत, आपल्या गल्लीतली

प्रत्यक्ष हेरगिरीतल्या काही रीती जगजाहीर आहेत. दोघं न भेटता ठरलेल्या जागी वस्तू ठेवून जाणं. गर्दीत एकमेकांना ओलांडताना हातातली वस्तू बदलणं. मध्ये असा माणूस ठेवणं ज्याला दोन्ही टोकं ठाऊक नसतात. वस्तू ठेवली आहे किंवा धोका आहे हे सांगणारी खूण. मागे कोणी आहे का हे पाहायला लांबचा, वळणावळणाचा रस्ता घेणं. या पाचांवर सत्तर मिनिटं निघतात.

फक्त त्या रीती गावात रुजवा. बागेतला बाक आणि वर्तमानपत्र हे आपलं नाही. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. कांद्याच्या ढिगाशी दोन माणसं एकाच वेळी वाकून कांदे निवडतायत, यात कोणाला काय वावगं दिसणार? पिशव्या सारख्या. उठताना बदलल्या. खूण म्हणून आम्ही स्कूटरचा डावा आरसा आत वळवलेला ठेवला. एकदा शेजारच्या मुलाने खेळता खेळता तो सरळ केला, म्हणजे पटकथेत केला, आणि त्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहिला. खूण जितकी साधी तितकी ती चुकून बदलण्याची शक्यता जास्त, आणि गोष्टीला तेच हवं असतं.

लांबच्या रस्त्यासाठी जुनं नाशिक वरदान आहे. भद्रकालीच्या आतल्या बोळांत तीन वळणं घेतली की माणूस नाहीसा. आमचा 'पाठलाग' शेवटी एवढाच झाला : विलास चालतो, मागे कोणीतरी चालतंय असं त्याला वाटतं, तो एका दुकानाशी चिवडा घ्यायला थांबतो, मागचाही थांबतो आणि तोही चिवडाच घेतो. एक पान. शून्य हातगाड्या.

पायरी ५ : जागा

रेकी दोनदा करा. एकदा ज्या वेळी शूट आहे त्या वेळी, आणि एकदा डोळे मिटून, फक्त ऐकायला. रामकुंडाच्या बाजूला पहाटे साडेपाचचा उजेड देखणा असतो, पण घंटा, लाउडस्पीकर आणि बादल्यांचा आवाज मिळून तिथे कुजबूज रेकॉर्ड होणं अशक्य. तिथले प्रसंग बिनसंवादाचे लिहा.

वाडा मिळवा. एका वाड्यात सिनेमाचा अर्धा भाग निघतो. ओसरी, माजघर, माडी, माळा, मागचा चौक, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीतलं अर्धवट दिसणारे दरवाजे. ऐकणारा आणि बोलणारा एकाच फ्रेममध्ये, मध्ये फक्त एक फळी. अशी जागा सेट लावून करायची तर बजेट संपेल. मालकांशी लेखी करार करा, वीजबिलाचं आधी बोला, आणि देवघराकडे कॅमेरा लावायचा असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, मालकाला नाही. जुन्या माड्यांचा भार विचारात घ्या. आमच्या माडीवर आम्ही एका वेळी पाचपेक्षा जास्त माणसं चढू दिली नाहीत.

दुतोंड्या मारुतीबद्दल. गोदेच्या पात्रातली दोन्ही बाजूंना तोंड असलेली मूर्ती, पुराचं पाणी तिच्या कुठवर चढलं यावर गावाने पुराचा अंदाज बांधायचा. दुटप्पी माणसाचा सिनेमा आणि दोन तोंडांचा मारुती! नाशिकमध्ये हेरपट करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हा शॉट सुचणार. मलाही सुचला, घेतलाही, सूर्योदयाला. एडिटमध्ये काढला, कारण तो ओरडून अर्थ सांगत होता. राहिलं ते एवढंच : रेडिओवर गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी, आणि मामी विचारते, "मारुतीच्या कुठवर आलं?" नाना म्हणतात, "कमरेला." बास.

आता जे करायचं नाही ते. नाशिकला देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, ओझरला लढाऊ विमानं बांधणारा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. हेरपटवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. यातलं काहीही, अगदी कुंपण आणि पाटीसुद्धा, बाहेरून 'चोरून' टिपू नका. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट प्रतिबंधित जागांच्या चित्रांबाबत कडक आहे. आमच्या एका पोराने लांबच्या लेन्सवर एका संरक्षित आवाराची भिंत घेतली, नुसती हौस म्हणून. दहा मिनिटांत जवान आले. आम्ही दुपारभर बसलो, कार्ड रिकामं झालं, आणि त्याच कार्डावर सकाळचे दोन चांगले प्रसंग होते. चूक शंभर टक्के आमची. काल्पनिक कारखाना घ्या, गेट स्वतः रंगवा. अंबड-सातपूरला बंद पडलेले गाळे भाड्याने मिळतात.

परवानग्या वेळ खातात, म्हणून पटकथेचा शेवटचा मसुदा आणि अर्ज एकदमच सुरू करा. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे, तिथून सुरुवात करा. रस्ता आणि घाटासाठी महापालिका, शिवाय पोलीस. शहर आयुक्तालयात, त्र्यंबक-इगतपुरीकडे ग्रामीण पोलीस, हे विसरून आमचा एक दिवस गेला. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, त्यांची परवानगी आणि शुल्क वेगळं. अंजनेरीला वनखातं. रेल्वे स्टेशन हवं असेल तर रेल्वेचं स्वतंत्र प्रकरण, आणि छोट्या युनिटने त्या नादी लागू नये असं माझं मत. फलाटाचा आवाज आणि खिडकीतून जाणारा उजेड एवढ्यावर नाशिकरोड उभं राहतं.

पायरी ६ : पिस्तूल, वर्दी, ड्रोन

थोडक्यात. नकली पिस्तूल उघड्यावर काढायचं असेल तर त्या भागातल्या ठाण्याला तारीख-वेळेसह लेखी कळवा, शॉट नसेल तेव्हा ते पेटीत, आणि पेटीची जबाबदारी एकाच माणसाकडे. सैन्याची वर्दी घालून लोकांना आपण जवान आहोत असं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नट वर्दीत चहा प्यायला टपरीवर जाणार नाही याची काळजी घ्या. सैन्यावरचा विषय असेल तर संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं. आमच्याकडे साध्या वेषातल्या मॅडम होत्या आणि खात्याचं नावही नव्हतं, म्हणून ही सगळी डोकेदुखी लेखनातच टळली. ड्रोनसाठी डिजिटल स्काय नकाशा उघडून तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते पाहा. लाल असेल तर विषय सोडा. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे कुठेही उडवायची मुभा, हा गैरसमज आहे.

पायरी ७ : कॅमेरा आणि आवाज

लेन्सचा एकच नियम ठेवा आणि पाळा. आमचा असा : विलासवर कोणाची नजर असेल तेव्हा ८५ किंवा १३५ मिमीची लेन्स, लांबून, मध्ये काहीतरी आडवं. दोरीवरचं धोतर, जिन्याचे गज, रिक्षाचा पडदा. तो मोकळा असेल तेव्हा ३५, जवळून. चाळीस मिनिटं हा नियम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडतो. मग एका संध्याकाळी तो घरात भाजी चिरतोय आणि शॉट ८५ वर, कपाटाच्या फटीतून. प्रेक्षकाला काही सांगावं लागत नाही, तो खुर्चीत सरसावतो. बघणारी सुजाता असते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करा, शटर १/५०, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकणार नाही. २४ फ्रेमच हवे असतील तर शटर अँगल १७२.८ ठेवा. स्वस्तातले एलईडी बल्ब मात्र कशालाच जुमानत नाहीत, आदल्या रात्री प्रत्येक बल्बची चाचणी घ्या आणि दगा देणारे बदला.

पैसा वाचवायचा तर कॅमेऱ्यात वाचवा, आवाजात नाही. कुजबुजीचा सिनेमा आहे हा. बूम, म्हणजे काठीवरचा माइक, धरणारा माणूस अनुभवी घ्या, कपड्याला लावायचा लेपल माइक नुसता आधार म्हणून. प्रत्येक जागी पॅकअपच्या आधी एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, घ्या. युनिट कंटाळतं, घेऊ द्या शिव्या. वाड्यातला झोपाळा, पितळी कडी, दाराचा अडसर, नळाची थेंबगळती हे स्वतंत्र रेकॉर्ड करा. चौतिसाव्या प्रसंगातली ती कडी आम्ही नऊ प्रकारे घेतली होती.

पायरी ८ : नटांना किती सांगायचं

सगळ्यांना पूर्ण पटकथा देऊ नका. ज्याच्या रकान्यात जे आहे तेवढंच त्याला. मॅडमचं काम करणाऱ्या बाईंना शेवट शूटच्या आदल्या दिवशी कळला. त्या चिडल्या, आणि त्या चिडक्या चेहऱ्यानेच त्यांनी तो प्रसंग केला. विलासला मात्र सगळं ठाऊक हवं, आणि प्रत्येक टेकआधी एकच प्रश्न विचारायचा : आत्ता या क्षणी तू कोणाला फसवतोयस? "दोघांना" हे उत्तर चालत नाही. एका क्षणी माणूस एकालाच फसवतो.

जेवणाचे प्रसंग खऱ्या, गरम जेवणावर घ्या. खोटं जेवण करणारा नट खोटंच बोलतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये कंपनी नाशिकला हलवली तेव्हा सगळं युनिट एका घरासारखं नांदायचं आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं बघायच्या. एवढा भार कोणा एका बाईवर टाकू नका, पण युनिटचं जेवण हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा असू द्या. सकाळच्या शिफ्टला मिसळ देऊ नका. नऊनंतर सगळे पेंगतात.

पायरी ९ : एडिट आणि चाचणी

पहिला कट झाला की भिंतीवरचा तक्ता पुन्हा भरा, या वेळी पडद्यावर प्रत्यक्ष जे दिसतं त्यावरून. जुन्या आणि नव्या तक्त्यात फरक सापडतोच. नटाच्या एका नजरेने एखादी माहिती तीन प्रसंग आधीच फुटलेली असते. ती नजर कापा, किंवा तिला धरून पुढचं बदला.

मग सिनेमाशी संबंध नसलेले आठ-दहा लोक बोलवा. मध्ये पाच ठिकाणी सिनेमा थांबवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या : आत्ता विलास कोणाच्या बाजूने आहे? चर्चा नको, फक्त चिठ्ठी. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर तिथे ताण मेलेला आहे. सगळ्यांनी "माहीत नाही" लिहिलं तर तुम्ही गोंधळ घातलाय. साधारण अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे, आणि प्रत्येकाला आपल्या उत्तराची खात्री, असं झालं की त्या जागेला हात लावू नका. आमच्या चौथ्या थांब्यावर एका काकूंनी नाव न विचारताच लिहिलं होतं, "बायकोच्या." आम्हाला स्वतःला ते शेवटच्या रीळात सांगायचं होतं. त्यांच्यामुळे सुजाताचा एक शॉट लहान केला.

थिएटरात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचा गट, आता ७+, १३+ आणि १६+ असं तीन वयोगटांत विभागलंय. रक्त नसलं तरी फितुरी, छळ, आत्महत्येचा उल्लेख असेल तर वरचा गट मिळेल हे धरून पोस्टर आखा. अर्जाला शेवटचा, मिक्सिंग झालेला कट लागतो, त्यानंतर एक फ्रेमही बदलायची तर पुन्हा कागद हलवावे लागतात.

आणि फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. आमची बाहेरची प्रत वाड्याच्या मालकीणबाईंकडे ठेवली, त्यांच्या देवघरावरच्या फळीवर, लाल कापडात बांधून. परत आणायला तीनदा गेलो. दर वेळी चहा होतो, पोहे होतात, आणि ड्राइव्ह तिथेच राहते.